‘आढळले नाही’चा रकाना

जंगलात काम करायचं तर मळखाऊ कपडे घालायचे, हे आम्हाला कॉलेजच्या पहिल्या सहलीपासून शिकवलेलं. खाणीच्या गेटवर मात्र मला भडक नारिंगी जॅकेट मिळालं, अंधारात चमकणाऱ्या पट्ट्यांचं. सोबत हेल्मेट आणि मापापेक्षा एक नंबर मोठे सेफ्टी बूट. त्याआधी प्रशिक्षण केंद्रात अर्धा दिवस बसवून सायरन कसा ओळखायचा, डंपरच्या कुठल्या बाजूला थांबायचं नाही, ब्लास्टिंगच्या वेळी पाचशे मीटरच्या बाहेर कसं निघायचं हे सगळं शिकवलं. नियम बरोबरच आहेत. शंभर टनी डंपरच्या चालकाला चाकापाशी उभा असलेला माणूस दिसत नाही. पण त्या अवतारात, गळ्यात दुर्बीण अडकवून मी पक्षी मोजायला निघाले तेव्हा केबिनमधले ऑपरेटर मान वळवून माझ्याकडे बघत होते आणि पक्षी केव्हाच उडून गेले होते.

हे २०२२च्या नोव्हेंबरातलं. चंद्रपूर जिल्ह्यात, वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या कोळसापट्ट्यात एका खुल्या खाणीचा विस्तार व्हायचा होता. विस्तार म्हटला की पर्यावरण मंजुरी आली, आणि मंजुरी म्हटली की १४ सप्टेंबर २००६ची अधिसूचना आणि तिच्यामागून ईआयएचा, म्हणजे पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचा, जाडजूड अहवाल. हवा, पाणी, आवाज, माती, लोकवस्ती अशा त्याच्या प्रकरणांत एक प्रकरण झाडं आणि प्राण्यांचं असतं. बहुतेक अहवालांत हे सगळ्यात बारीक प्रकरण. ते आमच्याकडे होतं. आम्ही तिघं: झाडं बघायला वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक, त्यांना सगळे सर म्हणायचे, सल्लागार संस्थेतले आमचे साहेब, प्रकरण ज्यांच्या सहीने जाणार होतं, आणि प्राणी-पक्षी बघायला मी.

काम कागदावर सोपं वाटतं. खाणीची लीज, म्हणजे खाणीला दिलेली जमीन, हा कोअर झोन; लीजच्या कडेपासून सगळीकडे दहा किलोमीटर म्हणजे बफर झोन. दोन्हींच्या वेगळ्या याद्या करायच्या. त्यात दुर्मीळ, संकटात असलेली, इथलीच म्हणून असलेली कोणती हे दाखवायचं. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या, अनुसूचीतलं काही निघालं तर त्याच्या संवर्धनाची योजना खर्चाच्या आकड्यांसह करायची, आणि ती वनविभागाशी बोलून. हे सगळं प्रत्यक्ष फिरून, पुस्तकांतून उतरवून नव्हे. तसं बजावून लिहावं लागतं, कारण तशी वेळ आलेली आहे. कोकणातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीचा मजकूर सापडला होता, ही गोष्ट आमच्या धंद्यात प्रत्येक नवशिक्याला पहिल्या आठवड्यात ऐकवतात.

लीज धरून दहा किलोमीटरचं हे वर्तुळ चारशे चौरस किलोमीटरच्या पुढे जात होतं. हाताशी हिवाळ्यातले बारा दिवस आणि उन्हाळ्यातले चौदा. त्यातले दोन गेटपासच्या खिडकीपाशी गेले.

आणि पहिल्याच गावात एक घोळ झाला. ‘बफर झोनचा सर्व्हे आहे’ असं मी म्हणाले आणि पारावरची माणसं गप्प झाली. चंद्रपूर जिल्ह्यात बफर म्हटलं की ताडोबाचं बफर. आपलं गाव व्याघ्र प्रकल्पात घेतात की काय, आता सरपण आणि चराई बंद होणार की काय, हे त्यांच्या चेहऱ्यांवर स्वच्छ दिसत होतं. हा बफर वेगळा, तो बफर वेगळा, हे पटवायला चहाचे दोन कप लागले. त्यानंतर गावात मी तो शब्द उच्चारला नाही. ‘खदानीच्या आजूबाजूला कोणतं जनावर फिरतं ते लिहायला आलोय,’ एवढंच म्हणायचे.

मोठ्या जनावरांचं काम लवकर झालं. त्याचं श्रेय मी घेणार नाही, ते धुळीला द्यायला हवं. हॉल रोडच्या, म्हणजे डंपर ज्याने कोळसा-माती वाहतात त्या रस्त्याच्या, कडेला कोळशाची आणि मातीची मिसळलेली बारीक, काळी भुकटी साचते. तिच्यावर ठसा असा उमटतो की आम्ही मुद्दाम चाळलेल्या मातीच्या पट्ट्यांवरही उमटत नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे जुन्या डंपच्या पायथ्याशी मला मादी वाघाचे ठसे मिळाले, ओळीने एकोणीस. एका ठशात मागच्या गादीची तीन टोकं सुद्धा स्पष्ट होती. मी टेप काढून मापं घ्यायला बसले तोच मागून पाण्याचा टँकर आला. धूळ बसावी म्हणून पहिल्या पाळीआधी रस्त्यावर पाणी मारतात. चालकाने भला माणूस म्हणून हॉर्न वाजवला, मी बाजूला झाले, आणि एकोणीसपैकी सोळा ठसे धुऊन निघाले. दुसऱ्या दिवसापासून आमचं वेळापत्रक टँकरवर ठरू लागलं. तो पाचला निघायचा, म्हणून आम्ही चारला.

जुने डंप म्हणजे कोळशावरची माती-दगड काढून रचलेले डोंगर. इकडे सगळे त्याला ओबी म्हणतात. नवे डंप उघडे, राखाडी. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या डंपवर सुबाभूळ, वेडी बाभूळ आणि रायमुनियाची जाळी इतकी माजलेली असते की आत माणूस वाकून सुद्धा शिरत नाही. सरांना तो डंप बघवत नव्हता. एकही झाड इथलं नाही म्हणून ते दिवसभर चिडचिडत होते. त्यांचा जीव बफरमधल्या साग-ऐन-धावड्याच्या रानात, तेंदू-मोहाच्या सावलीत. त्यांनी दहा बाय दहा मीटरचे चौकोन टाकायचे, खोडांचे घेर मोजायचे आणि मी वहीत लिहायचं. पण त्या परक्या झाडोऱ्यात रानडुकरं होती, रोही होते, आणि त्यांच्यामागे वाघीण होती. वर माणूस जात नाही, गुरं जात नाहीत, बाजूलाच संपमधून, म्हणजे खाणीच्या तळाशी पाणी साचतं त्या खड्ड्यातून, उपसलेलं पाणी बारा महिने नाल्यात सोडलेलं. जनावराला आणखी काय पाहिजे?

खाणीच्या अधिकाऱ्यांना वाघाचं काही वाटलं नाही. ‘वाघ लिहा, बिबट लिहा, अस्वल लिहा. लपवण्यासारखं काय आहे त्यात?’ असं त्यांनीच सांगितलं. खरंच आहे. चंद्रपुरात वाघाची नोंद रोखणं कोणाच्या हातात नाही. वनविभागाच्या कॅमेऱ्यांत तो आहे, वर्तमानपत्रात आहे, रात्रपाळीच्या गार्डच्या मोबाइलमध्ये आहे. वाघ स्वतःचं नाव स्वतः यादीत घालतो. प्रश्न असतो तो उरलेल्यांचा.

गुराखी भेटला तो पाचव्या-सहाव्या दिवशी, खाणीच्या उगवतीकडच्या गावात. साठीच्या पुढचा, काटक. गावोगाव मुलाखती घेताना आम्ही जनावरांच्या चित्रांची अठरा कार्डं दाखवतो. त्यात दोन कार्डं मुद्दाम खोटी असतात, म्हणजे या भागात असूच शकत नाहीत अशी. त्या वेळी सिंह आणि हिमबिबट्या होते. साहेब आहे, मॅडम आहे, वही आहे, तर सगळ्यालाच ‘हो, आहे’ म्हणणारी माणसं असतात. ज्याने सिंहालाही हो म्हटलं त्याचा कागद वेगळा ठेवायचा. या काकांनी सिंहाचं कार्ड हातात घेतलं, उलटं करून मागची बाजू बघितली आणि म्हणाले, ‘हा टीव्हीवाला.’ पुढचं कार्ड खवल्या मांजराचं होतं. त्याच्यावर मात्र त्यांनी अंगठा ठेवला.

‘हाय ना. दोन पावसाळे झाले.’

‘कुठे?’

‘नाल्याच्या पल्याड, वारुळं हायेत तिकडं.’

‘दिवसा दिसलं?’

‘दिवसा कायले दिसन, बाई? रात्रीचं जनावर हाय थो. मोह येचाले पहाटी गेलो तवा दिसला. माया समोर गोळा झाला अन् बसला. मी बी बसलो.’

किती वेळ बसलात, असं मी विचारलं. ‘बिडी संपेपर्यंत,’ म्हणाले. मी वहीत ‘अंदाजे पाच-सात मिनिटं’ लिहिलं.

खवल्या मांजर हे मांजर नाही, हे बहुतेक वाचकांना माहीत असेल. तोंडात एकही दात नाही, जगणं मुंग्या-वाळवीवर, अंगावर नखांच्याच द्रव्याचे खवले. संकट आलं की अंगाचा गोळा करायचा, एवढाच बचाव. वाघापुढे तो बऱ्यापैकी चालतो, पोतं घेऊन आलेल्या माणसापुढे बिलकुल नाही. उलट उचलायला सोपं जातं. जगातल्या सगळ्या जातींच्या खवल्या मांजरांचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१६च्या निर्णयाने बंद झाला, तरी चोरटा धंदा चालू आहे. आपल्याकडचं भारतीय खवल्या मांजर आययूसीएनच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, लाल यादीत एन्डेंजर्ड आहे, म्हणजे वाघाच्याच वर्गात. आपल्या कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे. तेही वाघाच्याच शेजारी.

काकांनी वारुळं दाखवली. तेरा वारुळांपैकी सहा उकरलेली होती. त्यातली चार अस्वलाची: ते वारूळ फोडतं, ढेकळं लांबवर उडतात, फुंकर मारून आतला भुसा बाहेर काढल्याच्या खुणा राहतात. दोन वारुळांना मात्र बाजूने नीटस, अरुंद भोक होतं. गिरमिटाने पाडल्यासारखं, आत हात जेमतेम कोपरापर्यंत जाईल एवढं. कडेला नखांचे समांतर ओरखडे. मी जमिनीवर आडवी पडून टॉर्चने आत बघितलं, नाकात वाळवीची माती गेली आणि मला त्या दिवशी फार आनंद झाला होता हे कबूल करायला हरकत नाही.

पण ओरखडा म्हणजे पुरावा नव्हे. वनविभागाचं परवानगीचं पत्र आमच्याकडे होतं, ते मिळायलाच दीड महिना गेला होता. बीटचे गार्ड सोबत आले आणि नाल्यापलीकडे आम्ही चार कॅमेरे बांधले. वाघासाठी समोरासमोर दोन लावतात, दोन्ही कुशींचे पट्टे मिळावेत म्हणून, उंची गुडघ्याएवढी. खवल्या मांजरासाठी त्याहून खाली आणायचे, कॅमेऱ्याचं तोंड किंचित खाली, समोरचं गवत कापायचं. हे गवत कापणं मी एका ठिकाणी विसरले आणि त्या कार्डावर वाऱ्याने हलणाऱ्या एकाच काडीचे दोन हजारांवर फोटो आले. बाकीच्या तिघांत सायाळ, ससा, उदमांजर, रानमांजर, मुंगूस, गावातली कुत्री, शेळ्या, शेळ्यांमागचे पाय, आणि एकदा रात्री अडीच वाजता कोणीतरी माणूस, खांद्यावर पोतं. तो फोटो आम्ही त्याच दिवशी गार्डना दिला. खवल्या नव्हता. हिवाळ्यात चार कॅमेरे, नऊ रात्री.

डिसेंबरअखेर कच्चा तक्ता पुण्याला गेला आणि जानेवारीत तो परत आला तेव्हा खवल्या मांजरासमोर लिहिलेलं होतं: ‘आढळले नाही.’

मी साहेबांना फोन केला. ते वाईट माणूस नाहीत. त्यांचं म्हणणं साधं होतं: प्रत्यक्ष दर्शन नाही, फोटो नाही, विष्ठा नाही, खवला नाही. छापील संदर्भ असता तर ‘दुय्यम स्रोत’ म्हणून घालता आलं असतं. गुराख्याचं म्हणणं कुठल्या स्रोतात बसवायचं? आणि मंजुरीसाठी अहवाल तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीसमोर कोणी विचारलं, तर उत्तर त्यांना द्यायचं होतं, मला नाही.

मी म्हणाले, ‘साहेब, आढळले नाही हे खरंच आहे. पण वाचणारा ते “इथे नाही” असं वाचतो.’

‘तो त्याचा प्रश्न.’

‘मग किती शोधलं ते तरी लिहू. चार कॅमेरे, नऊ रात्री, एक नाला.’

यावर ते जरा थांबले. मग म्हणाले, ‘तसं लिहिलं तर प्रत्येक ओळीसमोर लिहावं लागेल.’

हो, लागेलच की! मला तेच म्हणायचं होतं. आमच्या यादीत बिनविषारी सापांच्या चार जाती होत्या आणि त्या सगळ्या दिवसा दिसलेल्या, कारण रात्री खाण परिसरात पायी फिरायला आम्हाला बंदी होती. वटवाघळांच्या रकान्यात दोन नावं, तीही फक्त एका पडक्या क्वार्टरच्या छताला लटकलेली दिसली म्हणून. बेडूक जवळजवळ नव्हतेच, कारण पावसाळ्यात आम्ही तिथे नव्हतो. अधिसूचनेप्रमाणे एक मोसम, आणि तोही पावसाळा सोडून, चालतो. उलट शिंगळ्या घुबडाची जोडी आम्हाला खाणीच्या आतच मिळाली, बंद पडलेल्या बाजूच्या वरून तिसऱ्या बेंचवर, म्हणजे खणताना ठेवलेल्या पायरीवर, पिलासकट. कारण तिथे आम्ही रोज ब्लास्टिंग संपायची वाट बघत तासभर बसायचो. जिथे बसलो तिथलं दिसलं.

बरीच हो-ना होऊन ठरलं ते असं: तक्त्यात नवा रकाना येणार नाही, त्याची ठरलेली चौकट आहे, पण प्रत्येक गटाच्या सुरुवातीला किती दिवस, किती किलोमीटर, किती रात्री, कोणत्या महिन्यात हे चार ओळींत जाईल. आणि खवल्या मांजरासमोर ‘संभाव्य’ लिहून तळटीप. तळटीपेत वारुळांच्या खुणा आणि चित्रकार्डांच्या मुलाखतींचा उल्लेख. जागेचे अक्षांश-रेखांश मात्र मी दिले नाहीत. जनसुनावणीच्या आधी मसुदा सगळ्यांना खुला होतो, आणि ज्याच्या खांद्यावर पोतं होतं त्यालाही तो वाचता येतो. ते आकडे वेगळ्या पाकिटात वनविभागाकडे गेले.

मग एप्रिल आला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्यातली २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली. सहा अनुसूच्यांच्या चार झाल्या: पहिल्या दोन प्राण्यांच्या, तिसरी वनस्पतींची, चौथी आंतरराष्ट्रीय व्यापार करारातल्या प्रजातींची. आणि पहिली अनुसूची एकदम फुगली. वाघ, बिबट, अस्वल, मोर, घोरपड ही जुनी मंडळी होतीच. आता त्यांच्या पंगतीला कोल्हा आला, रानमांजर आलं, नाग आणि घोणस आले, आणि धामणसुद्धा आली. धामण! जी आम्हाला खाणीच्या कँटीनमागे दर दोन दिवसांनी दिसायची. आमचा हिवाळ्यातला तक्ता जुन्या अनुसूचींप्रमाणे होता, उन्हाळ्याचं काम अर्ध्यात होतं. सगळं पुन्हा लावलं. पहिल्या अनुसूचीतले नऊ होते ते एकवीस झाले.

खाणीच्या पर्यावरण विभागातून लगेच फोन. ‘मॅडम, गेल्या महिन्यात नऊ म्हणाला होतात. खाण तेवढीच, जंगल तेवढंच. बारा कुठून आले?’

दिल्लीहून, असं तोंडावर आलं होतं. त्याऐवजी मी अर्धा तास समजावलं, आणि तेव्हा माझ्याच लक्षात आलं की ही दोन मापं लोक सतत एक करतात. लाल यादी विचारते, ही जात जगातून संपण्याचा धोका किती. अनुसूची सांगते, हे जनावर मारलं तर कायदा किती कडक वागेल. मोर लाल यादीत लीस्ट कन्सर्न आहे, त्याला जगात धोका नाही. पण राष्ट्रीय पक्षी, म्हणून पहिली अनुसूची. कोल्ह्याचं तसंच. उलट नदी सुरय, वर्धेच्या वाळूवर घरटं करणारा तो देखणा पक्षी, लाल यादीत व्हल्नरेबल, म्हणजे धोक्यातल्या वर्गात, आहे, पण तेवढ्यावरून त्याची अनुसूची कळत नाही. म्हणून दोन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवायचे आणि एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधायचा नाही. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकलं. शेवटी म्हणाले, ‘म्हणजे धामणीसाठी पण बजेट?’ हो, धामणीसाठी पण.

उन्हाळ्याचं काम मला आवडलं, पारा पंचेचाळिसाच्या पुढे असूनही. मोहाचा हंगाम होता. पहाटे चारला बायका टोपल्या घेऊन रानात असतात, झाडाखालचा पाला जाळून जागा साफ केलेली, आणि खाली फुलांचा सडा. अस्वलालाही मोह तितकाच आवडतो. त्यामुळे आदल्या रात्री कोणत्या झाडाखाली कोण येऊन गेलं हे त्या बायकांना माझ्या कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा जास्त माहीत असतं. मी टोपली घेऊन सोबत वेचायला बसायचे. तास-दोन तासांत कंबर मोडायची, टोपलीचा तळ जेमतेम झाकलेला असायचा, त्यावरून हसणं व्हायचं आणि मग बोलणं निघायचं. एकीच्या नवऱ्याला दोन वर्षांपूर्वी वाघाने मारलं होतं. तिने ते अस्वलाच्या गोष्टीच्या मध्येच सांगितलं, फुलं वेचता वेचता. मी वहीत काय लिहू? त्या पानावर तारीख आणि झाडाचा क्रमांक आहे, बाकी कोरं.

मसुद्याचा मराठी सारांश कोणी केला हे मला आजवर कळलेलं नाही. जनसुनावणीच्या आधी सारांश स्थानिक भाषेत द्यावाच लागतो. तो मी पहिल्यांदा वाचला मंडपात बसून, सुनावणी सुरू व्हायला दहा मिनिटं असताना. नीलपंखाचं झालं होतं ‘भारतीय रोलर’. अस्वलाचं ‘आळशी अस्वल’. आणि घारीचा, इंग्रजी नावावरून शब्दाला शब्द लावत, ‘काळा पतंग’. मी मान खाली घालून बसले. अतिरिक्त जिल्हाधिकारी अध्यक्षस्थानी, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी बाजूला, समोर सहाशे-सातशे माणूस. नोकऱ्या, जमिनीचा मोबदला, धूळ, ब्लास्टिंगने तडकलेल्या भिंती यांवर तीन तास गेले, आणि जायलाच हवे होते. मग एक तरुण शेतकरी सारांशाची प्रत घेऊन माईकपाशी आला.

‘इथं लिवलं हाय का खदानीत भारतीय रोलर सापडला. रोलर तर रोडवर रायते. थो कायले वाचवून रायले तुमी?’

मंडप हसला. अध्यक्षही हसले. पण तो पुढे बोलला ते हसण्यासारखं नव्हतं: यादीत रोही आहे, रानडुक्कर आहे, वाघ आहे, सगळ्यांच्या पुढे काय करणार ते लिहिलंय. डुकराने उपटलेल्या तुरीचं काय करणार ते कोणत्या पानावर आहे? माईक माझ्याकडे आला. वनविभागाकडून नुकसानभरपाई मिळते हे मी सांगितलं. ‘थे मले माहीत हाय,’ तो म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.

त्याच्या प्रश्नामुळे योजनेत थोडा बदल झाला, सगळा नाही. या संवर्धन योजनांचा एक साचा ठरून गेलेला असतो: पाणवठे, जनजागृतीचे फलक, लाकडी घरटी, शाळेत चित्रकला स्पर्धा. मी ते काढू शकले नाही, मागे सरकवलं. पुढे आणलं ते असं: जुना डंप सपाट करून पुन्हा झाडं लावायची घाई करू नका, निदान वाघीण तिथे आहे तोवर, रात्री हॉल रोडवर वेगाला मर्यादा, कोळसा भरायच्या रेल्वे सायडिंगच्या दिव्यांची तोंडं खाली, नाल्यावरचा नवा रस्ता भराव टाकून नव्हे तर खालून जनावर जाईल अशा उंच मोरीवर, तारेचे फास शोधून काढायला गावातलीच माणसं पगारावर, आणि शेताच्या कडेला कुंपणासाठी रक्कम. नागपूरच्या वन्यजीव कार्यालयातून दोनदा शेरे येऊन योजना फिरली. मोरीची उंची तिसऱ्या वेळी मान्य झाली, कुंपणाची रक्कम अर्धी झाली. चित्रकला स्पर्धा शाबूत राहिली.

अहवाल गेला. मी दुसऱ्या कामाला लागले.

ऑगस्टमध्ये, मुसळधार पावसात, रात्री पावणेबाराला व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. सायडिंगवरच्या रात्रपाळीच्या गार्डने पाठवलेला. उन्हाळ्यात त्याने मला बिबट्याचे दोन व्हिडिओ दिले होते. टॉर्चच्या उजेडात, सिमेंटच्या स्लीपरला टेकून, ओला, चिखलाने माखलेला एक गोळा. खवले एकावर एक, कौलं रचल्यासारखे. शेपटीचं टोक आत खुपसलेलं. खाली मेसेज: ‘मॅडम हे काय आहे?’

मी तिथल्या तिथे फोन लावला. हात लावू नका, पोत्यात घालू नका, कोणाला बोलावू नका, टॉर्च बंद करून लांब उभे राहा. तो म्हणाला, लांबच आहे. वीस मिनिटांनी पुन्हा फोन: उलगडला, नाल्याकडे गेला.

आता व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत वेळ, ठिकाण, यातलं मूळचं काही उरत नाही. ते वाटेत पुसलं जातं. पुरावा म्हणून लावायचा तर मूळ फाइल हवी. सकाळी मी त्याला समजावून सांगितलं की तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्याने दुपारी कळवलं की मेमरी फुल झाली होती, म्हणून पाठवल्यावर डिलीट केला. ट्रॅशमधूनही. मी फोटो वनविभागाला पाठवला, साहेबांना पाठवला. साहेबांचं उत्तर आलं: ‘सुंदर. पण लोकेशन नाही.’ मग थोड्या वेळाने आणखी एक: ‘तळटीप बरोबर होती.’

गार्डचा अजून अधूनमधून फोन येतो. गेल्या वेळी त्याने विचारलं, ‘मॅडम, त्याचं नाव आलं का पुस्तकात?’

‘आलंय. तुम्ही बघायच्या आधीच आलं होतं. तळटीपेत.’

‘म्हणजे कुठं?’

‘पानाच्या खाली, बारीक अक्षरात.’

‘मग बरोबर हाय,’ तो म्हणाला. ‘लहानच होता थो.’